माणूस निघालाय

चष्म्याची काडी मोडली म्हणून लिफ्टवाले बायकोला घेऊन बाजारात गेले, आणि चष्म्याचं दुकान नेमकं बंद होतं. दुकान उघडं असतं तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण दुकानदार जेवायला गेला होता, रस्त्यावर रणरणतं ऊन होतं आणि शेजारच्या काचेच्या दारावर पाटी होती : 'गर्दीत तुमचं मूल उठून दिसतं का?' दाराच्या फटीतून एसीची थंडगार हवा थेट लिफ्टवाल्यांच्या घोट्यांवर येत होती. "पाचच मिनिटं बसू," ते म्हणाले. निर्णय एवढाच होता.

(लिफ्टवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. पण इमारतीत त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे, आणि खरं नाव सांगितलं तर पोस्टमनसुद्धा गोंधळायचा.)

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत ते तक्रार विभागात हेडक्लार्क होते. शहरात कुठेही कुणी लिफ्टमध्ये अडकलं आणि त्याने आतलं लाल बटण दाबलं, की फोन लिफ्टवाल्यांच्या टेबलावर वाजायचा. मग आपल्या खर्जातल्या आवाजात ते सांगायचे, "घाबरू नका, माणूस निघालाय." माणूस बहुतेक वेळा निघालेला नसायचा. तो दुसऱ्याच कुठल्यातरी इमारतीच्या गच्चीवर ग्रीसमध्ये हात घालून बसलेला असायचा, नाहीतर कोपऱ्यावर चहा घेत असायचा. पण त्या आवाजाने अडकलेल्याला धीर यायचा. याच एका वाक्यावर लिफ्टवाल्यांनी वीसेक वर्षं नोकरी केली, दोन बढत्या घेतल्या आणि उत्कृष्ट सेवेबद्दल एक भिंतीवरचं घड्याळ मिळवलं. ते घड्याळ मागे पडायचं.

काचेच्या दाराआड एक मार्गदर्शक मॅडम होत्या. कॉलेजच्या प्रवेशअर्जांबद्दल त्या मार्गदर्शन करत. त्यांच्यासमोर प्लास्टिकचं रोप होतं आणि ते खऱ्यासारखं दिसावं म्हणून त्यावर पाणी शिंपडलेलं होतं.

"मुलीचं प्रोफाइल काय?" मॅडमनी विचारलं.

"मार्क चांगले आहेत," लिफ्टवाले म्हणाले.

"मार्क काय हो, सगळ्यांनाच असतात," मॅडम म्हणाल्या. सर्दी सगळ्यांनाच असते, या सुरात. "बाकी काय करते?"

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"झोपते," बायको म्हणाली. तिला खोटं बोलायची सवय नव्हती असं नाही, पण तयारी नव्हती.

"आणि उठल्यावर?"

"उठल्यावर जिन्यात बसून लोकांचं बोलणं ऐकते. मग एकटीच हसते. तिला भाषाशास्त्राला जायचंय. एकच कॉलेज मनात धरून बसलीय. तिथे चाळीस जागा आहेत."

"आणि अर्ज येतात हजारो," मॅडम म्हणाल्या. "कराटे, पियानो, वृक्षारोपण, सगळं सगळ्यांनी केलेलं असतं. दोन गोष्टी लागतात. उपक्रम असा हवा, की जो दुसऱ्या कुणीच केलेला नाही. आणि समाजावर इम्पॅक्ट दिसला पाहिजे. परिणाम."

"म्हणजे चांगला परिणाम," लिफ्टवाल्यांनी खात्री करून घेतली.

"परिणाम," मॅडम म्हणाल्या. "थोडक्यात काय, मुलगी उठून दिसली पाहिजे."

"अहो, ती आधी उठलेली दिसली तरी पुष्कळ झालं," बायको म्हणाली.

मॅडम हसल्या नाहीत. लिफ्टवालेही हसले नाहीत. ते बाहेर आले तेव्हा चष्म्याचं दुकान उघडलेलं होतं, पण काडीची आठवण त्यांना राहिली नाही. त्यांच्या डोक्यात हजारो अर्जांचा गठ्ठा उभा राहिला होता आणि त्याच्या मधोमध कुठेतरी आपली लेक उशीवर गाल टेकून झोपलेली दिसत होती. लिफ्टवाल्यांना मनापासून भीती वाटली. आपण जन्मभर एका टेबलाशी बसून एक वाक्य बोललो, चेहऱ्याने कुणाला माहीत झालो नाही. पोरीच्या वाटेलाही हेच आलं तर? तिला ते कॉलेज मिळालंच पाहिजे, असं त्यांनी घरी पोचेपर्यंत ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून ते समाजसेवेच्या शोधात निघाले. समाज म्हणजे आधी आपली इमारत. खाली उतरल्यावर कळलं, की आपल्याला फार उशीर झालाय. बागेच्या भिंतीवर 'पाणी वाचवा' असं रंगवलेलं होतं. ते 'वीज वाचवा'च्या वर रंगवलेलं होतं आणि त्याखालून 'कागद वाचवा' डोकावत होतं. कोपऱ्यात झाड लावण्यासाठी एक खड्डा कायमचा खणून ठेवला होता. प्रत्येक मूल त्यात रोप धरून फोटो काढायचं आणि पुढच्या मुलासाठी रोप परत कुंडीत ठेवायचं. गल्लीतल्या एकुलत्या एक भटक्या कुत्र्याच्या गळ्यात तीन पट्टे होते. त्याला मान वळवता येत नव्हती, त्यामुळे तो अलीकडे फार गंभीर दिसायचा.

राहता राहिले तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर. इमारतीतले वृद्ध म्हणावेत असे ते एकटेच. लिफ्टवाले त्यांच्याकडे गेले आणि घसा साफ करून म्हणाले, "काका, आमच्या मुलीला तुमची काही सेवा करायचीय."

पोस्टमास्तरांनी चष्मा वर केला. "वार कुठला?"

"वार?"

"सोमवारी चौथ्या मजल्यावरचा मुलगा मला मोबाईल शिकवतो. मंगळवारी डॉक्टरीणबाईंची मुलगी पेपर वाचून दाखवते. मला वाचता येतं, पण तिचा हिरमोड नको म्हणून मी डोळे मिटून बसतो. बुधवारी पहिल्या मजल्यावरची जुळी येतात, श्वास शिकवायला."

"श्वास?"

"हो. इतकी वर्षं चुकीचा घेत होतो म्हणे."

"मोबाईल तरी आला का?"

"तो मला पहिल्याच आठवड्यात आला," पोस्टमास्तर आवाज खाली आणून म्हणाले. "पण आला म्हटलं की उपक्रम संपला. त्याचा अर्ज जायला अजून अवकाश आहे. म्हणून मी दर सोमवारी विसरतो. परवा तर मी फोन उलटा धरला. पोराला काय आनंद झाला म्हणून सांगू." मग त्यांनी कॅलेंडरकडे बघून मान हलवली. "लाभार्थी व्हायचं म्हणजे चेष्टा नाही. रविवारी सकाळी थोडा मोकळा असतो, बघा."

आता फक्त रविवारसाठी उपक्रम सुचायचा राहिला होता. तो ऑफिसात सुचला. एका बँकेच्या लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईंना लिफ्टवाले वाक्य ऐकवत होते. वाक्य अर्ध्यावर आलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लिफ्टमध्ये अडकलेल्यांना मानसिक आधार. हे कुणी केलं नव्हतं. हे कुणाला सुचणंच शक्य नव्हतं. आनंदाच्या भरात त्यांनी फोन ठेवला आणि बाईंना "माणूस" एवढंच ऐकू गेलं.

घरी लेक पांघरुणात होती. संध्याकाळ असल्यामुळे ती जागी होती, एवढंच.

"पण आपली लिफ्ट कधी अडकत नाही, बाबा."

"ते माझ्यावर सोड. मेकॅनिक आपलाच आहे. तो गच्चीवर जाऊन अर्धा तास बंद करेल. आत पोस्टमास्तर बसतील, बाहेर तू बसायचंस, मी फोटो काढतो."

"म्हणजे आधी त्यांना अडकवायचं आणि मग धीर द्यायचा?"

"उपक्रम असेच असतात," लिफ्टवाले म्हणाले. बागेतला खड्डा पाहून आल्यापासून त्यांना या विषयातलं बरंच कळायला लागलं होतं.

"अर्जात काय लिहायचं ते मी बघते ना."

"तू फक्त रविवारी सकाळी ऊठ. बाकी काही करू नकोस."

लेकीने उशी सरळ केली. "आणि त्यांना सांगू काय?"

"काय म्हणजे? माणूस निघालाय."

"निघालेला असेल?"

"त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?" लिफ्टवाले म्हणाले. ती हसली, पण का हसली ते त्यांना त्या दिवशी कळलं नाही.

रविवारी सगळं वेळेवर सुरू झालं, म्हणजे लेक सोडून. मेकॅनिक गच्चीवरच्या खोलीत जाऊन बसला. लिफ्टवाल्यांनी लिफ्टमध्ये एक स्टूल, एक पेपर आणि एक पाण्याची बाटली ठेवली. (अडकणाऱ्याची गैरसोय होऊ नये याची इतकी काळजी कंपनीच्या इतिहासात कुणी घेतली नव्हती.) आणि पोस्टमास्तर हातात उशी घेऊन आले ते दारातच थांबले.

"आज जमायचं नाही. जुळ्यांची परीक्षा आलीय, म्हणून बुधवारचा श्वास आज घ्यायचाय."

"अहो काका, सगळी तयारी झालीय."

"माझाही इलाज नाही. त्यांनी आधी सांगितलं होतं," पोस्टमास्तर म्हणाले, आणि उशी लिफ्टवाल्यांच्या हातात देऊन श्वास घ्यायला गेले.

लिफ्टवाले क्षणभर विचारात पडले. फोटो काय, पुढच्या रविवारी काढता येईल. निदान तालीम तरी करून घेऊ. त्यांनी बायकोला फोन लावला.

"ती उठली का?"

"उठलीय, येतेच आहे," बायको म्हणाली. मागून भाजीवाल्याचा आवाज आला.

लिफ्टवाले उशी घेऊन लिफ्टमध्ये शिरले, तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं आणि मेकॅनिकला फोनवरून म्हणाले, "कर बंद." लिफ्टने एक आचका दिला आणि त्यांच्या स्वतःच्या मजल्याच्या दीड हात खाली ती थांबली. पंखा थांबला. दिवा गेला आणि कोपऱ्यात एक पिवळट मिणमिणता दिवा लागला. वर दाराच्या दोन झडपांमध्ये बोटभर फट दिसत होती. लिफ्टवाले स्टुलावर बसले, पेपर उघडला आणि लेकीची वाट पाहू लागले.

पेपर वाचून झाला. छोट्या जाहिरातीही वाचून झाल्या. लेकीच्या फोनची रिंग वाजून वाजून बंद होत होती. तो उशीखाली होता आणि उशीवर ती होती. शेवटी त्यांनी मेकॅनिकला फोन केला.

"चालू कर बाबा. ती काही आज येत नाही."

"साहेब, मी तर तिथं नाहीये," मेकॅनिक म्हणाला. "ऑफिसातनं फोन आला ना. इथं एक नवराबायको अडकलेत. आत भांडण चाललंय, अख्खी इमारत दाराशी ऐकत उभी आहे."

"अरे, मग मी?"

"तुम्ही खोटे अडकलेले ना, साहेब. हे खरे."

"वरच्या खोलीची किल्ली?"

"माझ्या खिशात," मेकॅनिक म्हणाला, आणि मागून एका बाईंचा चढलेला आवाज आला तसा त्याने फोन ठेवला.

लिफ्टवाले उभे राहिले. मग बसले. मग परत उभे राहिले. आरशात एक घामेजलेला गृहस्थ त्यांच्याकडे आशेने बघत होता. वीस वर्षं त्यांनी लिफ्टमधल्या माणसांना धीर दिला, पण स्वतः ते कधीच अडकले नव्हते. ऑफिस तळमजल्यावर होतं. भिंती जवळ आल्यासारख्या का वाटतात, असं लोक फोनवर विचारायचे, तेव्हा त्यांना गंमत वाटायची. आता त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी लाल बटण दाबलं.

"नमस्कार. घाबरू नका, माणूस निघालाय," पलीकडून नव्या क्लार्कबाई म्हणाल्या. त्यांना लिफ्टवाल्यांनीच गेल्या महिन्यात तयार केलं होतं.

"अहो, मी बोलतोय. तुमचा हेडक्लार्क."

"हो सर. माणूस निघालाय."

"तो निघालेला नाहीये, हे मला माहितेय. रविवारी एकच मेकॅनिक असतो. त्याला तुम्हीच दुसरीकडे पाठवलंय."

 मग बाई मायेने म्हणाल्या, "सर, तुम्हीच शिकवलंय. अडकलेला माणूस काहीही बोलतो, आपण आपलं वाक्य बदलायचं नाही. घाबरू नका."

फोन बंद झाला. लिफ्टवाल्यांना आयुष्यात पहिल्यांदाच ते वाक्य लिफ्टच्या आतून ऐकायला मिळालं होतं. ऐकल्यापासून ते जिन्यावरच्या दर पावलाला कान देत होते, दर पाऊल मेकॅनिकचं वाटत होतं आणि दर पाऊल दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात जात होतं. शेवटी त्यांनी हेडक्लार्कपण बाजूला ठेवलं आणि दोन्ही हातांनी दार बडवायला सुरुवात केली.

"बाबा?" बऱ्याच वेळाने वरच्या फटीतून आवाज आला. झोपेतला, पण तिचाच.

"अगं, कुठे होतीस?"

"झोपले होते. तुमचा आवाज असा का येतोय?"

फोटोचं सांगावं, तालमीचं सांगावं, पोस्टमास्तरांना नावं ठेवावीत, असं बरंच काही त्यांच्या ओठांवर आलं. "घाबरलोय," ते म्हणाले.

वर फोन लावल्याचा आवाज झाला. ती कुणाशी तरी फोनवर बोलत होती. मग ती जमिनीवर बसल्याचा आवाज आला.

"बाबा, माणूस निघालेला नाही."

लिफ्टवाल्यांनी भिंतीला पाठ टेकली.

"मेकॅनिककाका म्हणतात तिथलं काम संपायला तास जाईल. मग इकडे यायला अर्धा. म्हणजे तुम्हाला दीड तास तरी बसायचंय. लिफ्ट खाली पडत नाही, हे मला तुम्हीच लहानपणी समजावलं होतं. आणि हवा येतेय, ही बघा, माझी बोटं." फटीतून खरंच दोन बोटं आत आली. "मी इथेच आहे. पांघरूण आणलंय."

आणि काय चमत्कार, लिफ्टवाल्यांनी जिन्यावरच्या पावलांना कान देणं सोडलं. माणूस निघालाय म्हटलं की जीव दाराला टांगलेला राहतो. निघालेला नाही म्हटल्यावर निदान बसायला तरी मोकळं होता येतं. ते स्टुलावर बसले, पोस्टमास्तरांची उशी पाठीशी घेतली आणि दोन घोट पाणी प्यायले.

"आई म्हणाली होती तू उठलीयस."

"मला वाटलंच. आई म्हणते उठलीय, तुम्ही जेवायला बोलावलं की सोफ्यावरून म्हणता आलोच, मी म्हणते झालंच. आपल्या घरात क्रियापदं आधी पोचतात, बाबा. माणसं मागून येतात."

लिफ्टवाल्यांना हसू फुटलं. बंद लिफ्टमध्ये आपण हसतोय, याचं त्यांनाच नवल वाटलं. मग बऱ्याच गोष्टी निघाल्या. जिन्यात बसून तिने काय काय ऐकलं होतं : डॉक्टरीणबाई पेशंटला 'काही नाही हो' म्हणतात तेव्हा काहीतरी असतं, आणि 'बघू या' म्हणतात तेव्हा त्यांना बघायचं नसतं. एरवी घरात तोंड न उघडणारी पोर त्या फटीतून भडाभडा बोलत होती. लिफ्टवाले ऐकत राहिले.

"मला भीती वाटत होती," ते मध्येच म्हणाले, "की तू माझ्यासारखी होशील."

"तुमच्यासारखी म्हणजे?"

"म्हणजे नुसती फोनवरची. कुणाला न दिसणारी."

 "तुमचं ते वाक्य खोटं आहे, हे मला पहिलीत असल्यापासून माहितेय. पण तुम्ही म्हणता ना, तेव्हा खरंच कुणीतरी निघाल्यासारखं वाटतं. तसं म्हणायला सगळ्यांना नाही येत." लिफ्टवाल्यांनी चष्मा पुसायला काढला, तर मोडकी काडी हातात आली.

मेकॅनिक आला तेव्हा दीड तासाच्या वर वेळ झाला होता. लिफ्टवाले गुडघ्यांवर रांगत तिसऱ्या मजल्यावर बाहेर पडले. समोर भाजीची पिशवी घेऊन बायको होती, आणि उशी परत न्यायला आलेले पोस्टमास्तर होते. "नाकाने घ्या, नाकाने," पोस्टमास्तर अनुभवी आवाजात म्हणाले. या सगळ्या गडबडीत फोटो मात्र कुणीच काढला नाही.

"फोटो नाही?" मार्गदर्शक मॅडम फोनवर म्हणाल्या. "मग उपक्रम झालाच नाही."

लेकीने अर्ज स्वतःच भरून पाठवला. काय लिहिलंस, असं लिफ्टवाल्यांनी विचारल्यावर "खरं ते लिहिलं" एवढंच म्हणाली. ते ऐकून त्यांनी आशा सोडली.

दरम्यान ऑफिसात त्यांचा एक नवाच घोटाळा चालू झाला होता. फोन आला की पूर्वीचं वाक्य त्यांच्या जिभेवर येईना. "माणूस अजून निघालेला नाही," ते सांगू लागले, "पाऊण तास लागेल. तोवर मी फोनवर आहे, बोला." अडकलेली माणसं शांत व्हायची आणि बोलायची. एक विमा एजंट तर सुटका झाल्यावरही बाहेर यायला तयार नव्हता, कारण गोष्ट अर्धी राहिली होती. पण लाइन कायम गुंतलेली, आणि कोणता मेकॅनिक कुठे किती वेळ चहा पितो ते शहरभर झालेलं. मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावून विचारलं, की हा प्रामाणिकपणा तुम्ही कुणाच्या परवानगीने सुरू केलात. घड्याळ परत मागवतील अशी लक्षणं दिसू लागली.

अशात एका सकाळी लेकीची मुलाखत ठरली. कॉम्प्युटरवर, घरच्याच जेवणाच्या टेबलाशी. (त्या दिवशी ती उठली होती. बायकोने जाऊन हात लावून खात्री केली होती.) लिफ्टवाल्यांना तिने स्वयंपाकघरात राहायला सांगितलं. ते वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली पंचा अशा अवस्थेत फ्रीजशेजारी कान लावून उभे राहिले.

"तुमच्या उपक्रमाचा लाभ किती जणांना झाला?" पलीकडच्या प्राध्यापिकाबाईंनी विचारलं.

"एकाला," लेक म्हणाली.

लिफ्टवाल्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"एकालाच? आज सकाळपासून आमच्याकडे अकरा हजारांचं कल्याण झालंय," बाई म्हणाल्या. "हा एक कोण?"

"माझे बाबा." आणि मग ती बोलायला लागली. लिफ्ट, लाल बटण, ते वाक्य, आतून ते कसं ऐकू येतं आणि बाहेरून कसं, 'निघालाय'मध्ये निघालेलं काहीच नसताना माणसाला धीर कशाचा येतो, आणि नेमकं उलटं सांगितल्यावर तो जास्त का येतो. लिफ्टवाल्यांना निम्मं कळलं नाही. पण पलीकडे खुर्च्या पुढे सरकल्याचा आवाज त्यांनी ऐकला.

"आणि परिणाम?" दुसऱ्या प्राध्यापकांनी विचारलं.

"ते आता ऑफिसात खरं सांगतात. नोकरी जायची वेळ आलीय."

पलीकडे थोडी खसखस पिकली. "त्यांच्याशी बोलता येईल का?"

"बाबा," लेकीने हाक मारली.

"आलोच," लिफ्टवाले फ्रीजमागून म्हणाले. ते जागचे हलले नव्हते. खाली पंचा होता.

"निघालेत हो," बायकोने आतूनच मोठ्याने ग्वाही दिली.

मग कॉम्प्युटरमधून जो हशा उसळला तो बराच वेळ थांबेना. लेकीने पुरावा म्हणून आणखी काही द्यायची गरजच उरली नाही. पंच्याला टेबलाआड लपवत लिफ्टवाले अखेर पडद्यासमोर आले, तेव्हा प्राध्यापिकाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "बसा, बसा. तुम्हीच ते समाज ना?"

लेकीला प्रवेश मिळाला. चाळिसांतली एक जागा. लिफ्टवाल्यांनी ती बातमी त्या दिवशी अडकलेल्या प्रत्येकाला फोनवर सांगितली, आणि अडकलेल्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. लेक होस्टेलवर गेली. तिची रिकामी खाट पाहून त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही, आणि नोकरी मात्र राहिली, कारण शांत झालेल्या लोकांनी कंपनीला आभाराची पत्रं पाठवली. साहेबांनी नवं घड्याळ दिलं. तेही मागे पडतं.

आणि मार्गदर्शक मॅडमनी आपल्या काचेच्या दारावर लेकीचा फोटो लावला. खाली लिहिलं : 'लिफ्टमधून थेट प्रवेश. जागा मर्यादित.' महिनाभरातच इमारतीतल्या मुलांनी पोस्टमास्तरांना सोडलं आणि लिफ्टमध्ये अडकवायला लिफ्टवाल्यांना गाठलं. सोमवार चौथ्या मजल्यावरच्या मुलाने धरला, मंगळवार डॉक्टरीणबाईंच्या मुलीने, आणि जुळ्यांनी मिळून बुधवार. पोस्टमास्तर मोकळे झाले. ते एकदा मुद्दाम वर येऊन लिफ्टवाल्यांना चार गोष्टी सांगून गेले. "पहिल्याच आठवड्यात शांत होऊ नका. घाबरा. अर्जाची तारीख बघून हळूहळू शांत व्हा. आणि एक दिवस स्वतःसाठी ठेवा."

त्यांनी रविवार ठेवला होता. तरी त्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात जुळी उभी होती, पाठीवर दप्तरं, हातात कॅमेरा.

"काका आहेत का? बुधवारी आमची सहल आहे, म्हणून त्यांना आज अडकवायचंय. मेकॅनिककाका गच्चीवर थांबलेत."

आतल्या खोलीत लिफ्टवाल्यांनी ते ऐकलं. त्यांनी पोस्टमास्तरांकडून कायमची ठेवून घेतलेली उशी कानावर दाबली आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. बायकोने एकदा त्या पांघरुणाच्या ढिगाकडे पाहिलं, मग दाराकडे वळून खर्जातल्या आवाजात म्हणाली, "घाबरू नका, माणूस निघालाय."